पाण्याचा जमाखर्च आणि विधिमंडळाचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा अशी रीत आहे. तो माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित शब्दांत केला आहे. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुकानाच्या गादीवर बसलो. विद्वत्तेचा माझा दावा नाही. परंतु जमाखर्च कसा लिहावा आणि दुसऱ्याने लिहिलेला जमाखर्च कसा वाचावा, एवढे व्यवसायाने मला शिकवले आहे. त्याच दृष्टीने आज पाण्याविषयी काही विचार मांडण्याची अनुज्ञा कार्यवाहांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्यांच्यापुढे हे विचार मांडणे अगत्याचे आहे, ते लोकप्रतिनिधीही आज येथे उपस्थित आहेत, हा सुयोगच म्हणायचा.

आपल्या ट्रस्टची स्थापना झाली तेव्हा १९७२ चा दुष्काळ लोकांच्या स्मरणात अगदी ताजा होता. माझ्या वयाच्या मंडळींनी तो बालपणी पाहिला आहे. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे, सुकडीचे वाटप, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, हे सारे आमच्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या काळात गावोगावच्या दानशूर मंडळींनी धान्य दिले, चारा दिला, पाणपोया चालवल्या. त्या दानाचे मोल मी कमी लेखत नाही. आपल्या ट्रस्टचा जन्मच त्या भावनेतून झाला.

तथापि त्या दुष्काळातून महाराष्ट्राला जे कायमचे मिळाले, ते दानातून नव्हे, तर कायद्यातून मिळाले, हे आज आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्याच सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी मांडली. तिचा प्रथम प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात झाला. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्र सरकारने २००५ साली देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता.

या योजनेला पैसा कोठून आला, हे व्यापारी बांधवांनी लक्षात घेण्यासारखे आहे. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा झाला. आपण वर्षाला २,५०० रुपये भरतो तो हाच कर. त्याचे उत्पन्न रोजगार हमीच्या निधीकडे वळवण्यात आले, आणि तेवढीच भर शासनाने आपल्याकडून घालावी असे ठरले. म्हणजे शहरातील दुकानदाराने, नोकरदाराने आणि वकील-डॉक्टरांनी दुष्काळी भागातील मजुराच्या रोजीचा भार उचलला. कर कोणालाच आवडत नाही. पण हा कर कशासाठी आहे ते ठाऊक असल्यामुळे तो भरताना आमच्या वडीलधाऱ्यांना जड गेले नाही.

दानाने एक उन्हाळा निभावतो. कायदा आणि त्यामागे बांधून दिलेला निधी असेल, तर पुढचे उन्हाळे निभावतात. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

आता आपल्या भागाचा गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहू. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी पाठवावे लागले. ते मिरजेहून गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. कृष्णेचे पाणी तहानलेल्या लातूरकरांना पाजता आले, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कृष्णेने सांगली शहर पाण्याखाली घेतले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटकेसाठी निघालेली नाव उलटून माणसे बुडाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्या यादीत मिरज तालुका होता आणि शेजारचा हातकणंगलेही होता. ज्या तालुक्याने २०१६ साली दुसऱ्याला पाणी दिले, २०१९ आणि २०२१ साली महापूर सोसला, तोच तालुका २०२३ साली दुष्काळग्रस्त ठरला.

जमा आणि खर्च यांत एका वर्षी मोठी शिल्लक आणि दुसऱ्या वर्षी मोठी तूट दिसली, तर चांगला हिशेबनीस बाजाराला दोष देऊन थांबत नाही. तो व्यवस्थापन तपासतो. पाऊस आपल्या हाती नाही, हे खरे. गगनबावड्याला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच कृष्णा खोऱ्यात आटपाडी-जतच्या बाजूला तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. ही निसर्गाची वाटणी आहे. परंतु पडलेले पाणी कोठे साठवायचे, कोणाला किती द्यायचे, किती जमिनीत मुरवायचे आणि वापरलेले पाणी कोणत्या स्थितीत नदीला परत करायचे, हे निर्णय माणसांचे आहेत. त्यांतले महत्त्वाचे निर्णय विधिमंडळाच्या कक्षेत येतात.

जत तालुक्याचे उदाहरण घ्या. पाण्यावाचून त्रासलेल्या तेथील काही गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावाचा आधार घेऊन विधान केले, तेव्हा महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली आणि म्हैसाळ योजनेच्या विस्ताराला वेग आला. पाणी मिळण्यासाठी एखाद्या गावाला राज्य सोडण्याची भाषा करावी लागावी, ही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या लोकप्रतिनिधीला भूषणावह नाही.

आता नद्यांकडे वळतो, कारण दुष्काळ आणि नदी हे दोन विषय वेगळे नाहीत. नदीत पाणी आहे परंतु ते पिण्याजोगे नाही, ही स्थितीही दुष्काळाचीच होय. पंचगंगा ही कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमाने होते. कोल्हापूर, इचलकरंजी असा प्रवास करून ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. शहरांचे सांडपाणी, साखर कारखान्यांचे आणि वस्त्रोद्योगाचे दूषित पाणी तिच्यात मिसळत आले आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी दिली, तीत ५५ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते. इतर कोणत्याही राज्यात इतके नव्हते. २०१८ च्या यादीत देशाचा आकडा ३५१ होता आणि महाराष्ट्राचा ५३. म्हणजे देशाचा आकडा उतरला आणि आपला वाढला.

मी कापड विकतो. माझ्या दुकानातील तागा मागावरून उतरून सरळ माझ्याकडे येत नाही. तो धुतला जातो, विरंजित होतो, रंगवला जातो, आणि या प्रत्येक पायरीवर पाणी लागते. ते पाणी शुद्ध करून सोडण्याचा खर्च जर कापडाच्या किमतीत धरला गेला नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो नदीकाठच्या गावाच्या दवाखान्यात जमा होतो. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर एकाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकला जातो. आमच्या पेढीत कोणी असे केले, तर आपण त्याला काय म्हणू, हे आपण जाणता. ताग्यामागे चार पैसे वाढले तरी चालतील, परंतु नियम सर्वांना सारखा असावा, अशी माझी व्यापारी म्हणून भूमिका आहे. जो प्रामाणिकपणे पाणी शुद्ध करतो तो महाग ठरावा आणि जो रात्री नाल्यात सोडतो तो स्वस्त ठरावा, ही स्पर्धा न्याय्य नव्हे.

येथे कोणी म्हणेल, कायदे तर पुष्कळ आहेत. आहेत, हे खरे. म्हणूनच त्यांचा ताळेबंद पाहिला पाहिजे. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. अशा स्वरूपाचे प्राधिकरण नेमण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर होता. त्या कायद्याने राज्याचा एकात्मिक जल आराखडा सांगितला आणि त्याला मान्यता देण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद नेमली. त्या परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५ मध्ये झाली. पेढीच्या भागीदारांची पहिली बैठक पेढी सुरू झाल्यानंतर दहा वर्षांनी भरावी, असा हा प्रकार आहे. भूजलाचा कायदा २००९ साली विधिमंडळाने केला, त्याला राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये मिळाली आणि तो २०१४ साली लागू झाला. ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद त्यात आहे. आपल्या पूर्व भागात विंधनविहिरी किती खोल जातात, हे येथे बसलेल्या शेतकरी बांधवांनी मनातल्या मनात आठवावे. मी अधिक बोलत नाही.

नद्यांच्या बाबतीत तर आपण एक पाऊल मागे गेलो. २००० साली शासनाने नदी नियंत्रण क्षेत्राचे धोरण आणले होते. नदीची प्रतवारी ठरवून पात्रापासून ठराविक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव करावा, असे ते धोरण होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. ते योग्य होते की नव्हते, यावर मतभेद असू शकतात. माझा मुद्दा निराळा आहे. ते धोरण शासन निर्णयाने आले होते म्हणून शासन निर्णयाने गेले. त्यासाठी विधानसभेत मतदान घ्यावे लागले नाही. रोजगार हमीचे तसे झाले नाही, कारण तिला विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा पाया होता. पाण्याच्या कामात धोरण पुरेसे नाही, कायदा हवा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

आणि कायद्यासोबत हिशेबही हवा. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. या अभियानाचा भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० मध्ये नोंदवला. त्या योजनेत अनेक ठिकाणी चांगली कामेही झाली, लोकांनी श्रमदान केले, हे मला मान्य आहे. परंतु एवढी रक्कम खर्च झाल्यावर शिल्लक काय राहिली, हे खर्च करण्याच्या काळातच दरवर्षी तपासले गेले असते, तर चुका वेळेवर दुरुस्त झाल्या असत्या.

हे अशक्य नाही, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा, आणि उसाला पाणी नाही, असे तिचे नियम होते. आपल्या खानापूर तालुक्यात बलवडी येथे येरळा नदीवर शेतकऱ्यांनी स्वतः बळीराजा धरण बांधले आणि त्याचे पाणी समानतेने वाटण्याचा दंडक घातला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती पडला ते पाहून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी विंधनविहिरी त्या गावाने बंद केल्या. जे एक ग्रामसभा करू शकते, ते विधानसभेने संपूर्ण राज्यासाठी का करू नये?

यास्तव व्यासपीठावरील लोकप्रतिनिधींना माझ्या पाच नम्र विनंत्या आहेत.

पहिली विनंती अशी की, दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावरून राज्यात पाण्याचे नियोजन होते, त्याच सुमारास प्रत्येक खोऱ्याचा भूजलासह पूर्ण ताळेबंद तयार करून तो हिवाळी अधिवेशनात सभागृहासमोर मांडणे कायद्याने बंधनकारक करावे. अर्थसंकल्पावर जशी चर्चा होते, तशी त्यावर व्हावी.

दुसरी विनंती अशी की, दुष्काळ निवारणाची कामे दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहत थांबू नयेत. २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, आणि २०२३ सालीही तसेच झाले. २०२३ मध्ये तर ४० तालुक्यांची यादी अपुरी पडली आणि आणखी एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. चारा, पिण्याचे पाणी आणि मजुरांचे काम यांसाठी कायद्याने बांधलेला कायमचा निधी असावा. त्यासाठी आम्हा व्यापाऱ्यांवर पूर्वीसारखा वाजवी भार आला, तर तो आम्ही उचलू.

तिसरी विनंती, नदीपात्राच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा व्हावा. पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव आणि बांधकाम होऊ नये, हा नियम कागदावर आहेच. त्याला दंडशक्तीचे बळ द्यावे.

चौथी विनंती, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी सांडपाणी प्रक्रियेचे काम आधी पूर्ण करावे, शोभेची कामे मागाहून. लहान रंगप्रक्रिया कारखानदारांना एकेकट्याने शुद्धीकरणाचा खर्च झेपत नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्यांना सामायिक प्रकल्पासाठी साहाय्य द्यावे आणि त्यानंतर सवलत देऊ नये.

पाचवी विनंती, भूजलाच्या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने पण खरोखरीची व्हावी. द्राक्षबाग आणि डाळिंबबाग वाचवण्यासाठी टँकरने पाणी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा मी जाणतो. त्याला ठिबकासाठी आणि पीकबदलासाठी हात द्यावा. केवळ बंदीची नोटीस चिकटवू नये.

लोकप्रतिनिधींकडे मागणे मागताना आपल्या समाजानेही आपली बाजू पाहिली पाहिजे. आपल्यात ऊस उत्पादक आहेत, कारखानदार आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत. मी जे नियम मागतो आहे, ते आपल्यालाच पहिल्यांदा लागू होतील. आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याची परंपरा आहे. दुहेरी कापडाचे गाळणे वापरावे आणि गाळून उरलेली जीवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत सांभाळून परत सोडावी, इतका सूक्ष्म विचार आपल्या पूर्वजांनी केला. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत तर ‘सरःशोष’ म्हणजे तळी-सरोवरे आटवण्याचा व्यवसाय स्पष्टपणे सांगितला आहे. एका बादलीतील जीवांची काळजी घेणाऱ्या समाजाने नदीतील जीवांविषयी आणि जमिनीखालच्या आटत्या पाण्याविषयी उदासीन राहणे सुसंगत नाही. शासनाने नियम कडक केले की व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे सूट मागण्यासाठी मुंबईला जातात, असा सर्वत्र अनुभव आहे. आपल्या समाजाचे शिष्टमंडळ नियम कडक करा, असे सांगण्यासाठी मुंबईला गेले, तर ती गोष्ट विधिमंडळातही लक्षात राहील.

अध्यक्ष महोदय, या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या सर्वसाधारण सभेने वरील पाच विनंत्यांचा ठराव करावा, तो जिल्ह्यातील सर्व पक्षांच्या आमदारांना प्रत्यक्ष भेटून द्यावा आणि पुढील वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांपैकी कोणी काय केले, याचा अहवाल कार्यवाहांनी वाचून दाखवावा, अशी सूचना मी मांडतो. यात कोणाचा विरोध नाही आणि कोणाचा प्रचारही नाही. ज्यांना आपण मत देतो, त्यांच्याकडे हिशेब मागणे हा व्यवहार आहे. तो चोख ठेवावा, एवढेच.

आपला ट्रस्ट आणखी पन्नास वर्षांनी शताब्दी साजरी करील. तेव्हा आजच्या सभेतील बहुतेक जण नसतील. पण पंचगंगा आणि कृष्णा तेव्हाही असतील, आणि त्या कोणत्या स्थितीत असतील, ते पुढच्या काही अधिवेशनांत होणाऱ्या कायद्यांवर अवलंबून आहे.